चिंधीची ओळ

माझा नवरा दोन मजली उंच झालाय, हे मला बाजाराच्या चौकात कळलं.

मी कांदे निवडत होते. भाजीवालीने कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "अगं, वर बघ की. तुझा माणूस." मला आधी वाटलं, हे कुणाच्या गच्चीवर चढलेत आणि काय उपद्व्याप करून बसलेत. मान वर केली तर औषधांच्या दुकानावर भलामोठा बोर्ड, आणि बोर्डावर आमचे हे. ओंजळीत मावत नव्हते एवढे टोमॅटो, आणि सगळे दात बाहेर. समोरचा एक दात पडलाय ह्यांचा. ती फट एवढी मोठी झाली होती की आत मांजर निजलं असतं. शेजारी हिरव्या बाटलीचं चित्र, आणि खाली माणसाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: 'आधी बघा, मग मारा!'

हातातला कांदा गडगडत गटारापर्यंत गेला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, असं कितीदा होतं ते.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याचा फोटो लागला, तर पेढे वाटायचे सोडून ही बाई घाबरली कशाला? तर त्यासाठी आमचे हे कोण, ते सांगायला हवं.

सगळा गाव ह्यांना 'आधीबघू' म्हणतो. पाठीमागे नाही, तोंडावर. हे ओ पण देतात. कारण काहीही नवीन आलं की ह्यांच्या तोंडी दोनच शब्द, "आधी बघू." आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा ह्यांनी एक वाटी दूध आत ठेवलं, एक बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही चाखून मग मान डोलावली. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं तर अर्धंच घेतलं. का? तर उरलेला अर्धा खोकला काय करतो ते बघायला! रात्रभर खोकून मला जागवलं आणि सकाळी म्हणाले, "गुण आहे बरं का औषधाला." मी म्हटलं, "आता मला पण द्या थोडं, माझं डोकं दुखतंय."

पण शेतीच्या औषधांच्या कंपन्या म्हटल्या की हा गमतीचा माणूस गमतीचा राहत नसे. कंपन्या आमच्या गावात काही कमी येत नाहीत. कुणी टोप्या वाटतं, कुणी कॅलेंडरं, कुणी छत्र्या. पावसापेक्षा छत्र्या जास्त झाल्यात गावात. ह्यांनी कधी एका किल्लीच्या साखळीलासुद्धा हात लावला नाही. म्हणायचे, "फुकट देणाऱ्याचा हात धरायला गेलं की आपलीच मनगटं अडकतात." आणि औषध हा शब्दच ह्यांना मान्य नाही. "मारायचं ते विष, आणि नाव औषध. सुरुवातच खोट्याने."

म्हणून फवारतच नाहीत, असं नाही हं. किडीला काय भाषण देऊन घालवायचं? फवारतात. पण ह्यांचा एक नियम. नवीन बाटली आली की अख्ख्या शेताला मारायची नाही. मधली एक ओळ कोरी सोडायची, आणि त्या ओळीच्या पहिल्या काठीला चिंधी बांधायची. मग पीक निघेपर्यंत रोज सकाळी दोन्हीकडे बघायचं. फवारलेलं काय म्हणतंय, कोरं काय म्हणतंय. बाटलीवर काय छापलंय ते नंतर.

ही चिंधी कुठून आली, ते माझ्या नणंदेने मला सांगितलंय. हे स्वतः सांगत नाहीत. माझे सासरे अगदी उलट माणूस होते. कंपनीची टोपी घातल्याशिवाय शेतावर जायचे नाहीत, कंपनीच्या माणसाला ताटाशेजारी बसवायचे. एका वर्षी नव्या बाटलीने त्यांनी सगळं शेत फवारलं. शेवटच्या ओळीला पंप रिकामा झाला, तेव्हा उद्या करू म्हणून घरी आले. दुसऱ्या दिवशी आजारी पडले. चार दिवसांत शेत होरपळलं, आणि ती एकटी ओळ हिरवीगार. कंपनीचा माणूस आला, बघितलं, म्हणाला, "हवेचा दोष आहे." हवा काय त्या एका ओळीला वळसा घालून गेली होती? सासऱ्यांनी मात्र मान डोलावली आणि अंगात ताप असताना पंप भरायला घेतला, राहिलेली ओळ पुरी करायला. तेव्हा ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे हीच माझी नणंद, दोन वेण्यांची पोर, धावत गेली, केसांची रिबीन सोडली आणि त्या ओळीच्या काठीला बांधून काठीला मिठी मारून उभी राहिली. "ही नाही बाबा. ही राहू दे." हे तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. सासऱ्यांनी पंप खाली ठेवला.

तेव्हापासून चिंधी. पुढे पुढे गावातले लोक येऊन बांधावरून बघायला लागले. नवीन काही आलं की म्हणायचे, "आधीबघूच्या शेतातली चिंधी बघून येऊ." चिंधीची ओळ चांगली दिसली तर बाटली दुकानातच राहायची. दुकानदार ह्यांना बघितलं की वजनमाप उगाच पुसत बसायचा.

आणि नणंदबाई. तिचं घर बसने तासाभरावर. तिथे तिने रोपवाटिका काढलीय. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगाच रांगा, त्यात टोमॅटोची, मिरचीची, कोबीची बोटभर रोपं. आजूबाजूच्या दहा गावांचे लोक तिच्याकडून रोपं नेतात. तिच्या नवऱ्याने सुरुवातीला नाक मुरडलं, सासूने टोमणे मारले, पण तिने एकटीने खांब रोवून ते उभं केलं. काहीही फवारायचं झालं की तिचा फोन यायचाच. "दादा, मारू का?" हे म्हणायचे, "आधी बघू." ती थांबायची. आमच्या चिंधीचा निकाल लागला की हे फोन करायचे. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

तर गेल्या हंगामात एक कंपनीवाला आला. तरणा पोरगा, नीट भांग, तोंडात खडीसाखर. मी त्याला मनात साखरतोंड्याच म्हणायचे. मला "काकू, चहा असा करावा तर तुम्हीच," ह्यांना "काका, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो." दोन-तीनदा आला, बाटलीचं नाव काढलं नाही. चिंधी काय भानगड आहे म्हणून विचारलं. ह्यांनी त्याला बांधावर नेऊन सगळं सांगितलं. रिबिनीपासून सांगितलं! मला सांगितलं नव्हतं ते! मी चहा घेऊन मागून गेले तेव्हा ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला रागच आला.

मग त्याने बाटली काढली. फुकट. "काका, तुमच्या पद्धतीनेच बघा. चिंधी बांधा. मी शब्द बोलणार नाही." ह्यांना तेच तर आवडलं. टोमॅटोच्या शेतात मधली ओळ सोडली, चिंधी हवी म्हणून माझा जुना गाऊन फाडला. जांभळ्या फुलांचा होता तो. मी म्हटलं, "विचारायचं तरी!" म्हणाले, "एवढी शेतीची सेवा तुझ्या गाऊनकडून होतेय, पुण्य लागेल."

निकाल काय लागला? फवारलेल्या ओळींचे शेंडे उन्हात वाटीसारखे आत वळले. झाडं मेली नाहीत, पण फळं लहान राहिली. चिंधीची ओळ मात्र अशी लगडली की काठ्या वाकल्या. ह्यांना गावाला सांगायची तशीही गरज पडली नाही, बांधावरून सगळ्यांना दिसत होतं. आणि नणंदेला सांगायचं तर तिने विचारलंच नव्हतं अजून. ती बाटली तिच्या गावात आलीच नव्हती.

तेवढ्यात साखरतोंड्या कॅमेरावाला घेऊन हजर. "काका, ट्रायल कशी झाली?"

ह्यांनी सांगितलं, "ही बघ तुझी, आणि ही बघ कोरी."

पोराचं तोंड पडलं. मला वाटलं, आता जाईल. तर म्हणाला, "निदान तुमचा एक फोटो काढू का, काका? आठवण म्हणून. ऑफिसात दाखवायला, की असेही शेतकरी आहेत."

हे माझ्याकडे बघून हसले. मी ओळखते ते हसू. लहान पोर दुसऱ्याच्या पाठीला कागद चिकटवताना हसतं तसं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, मी चिंधीच्या ओळीतच उभा राहतो. टोमॅटो पण त्याच ओळीचे हातात घेतो. चिंधी माझ्या खांद्यामागे दिसेल. ज्याला कळायचं त्याला कळेल, की बाटलीशिवायचे टोमॅटो घेऊन हसतोय मी. कंपनीच्या कॅमेऱ्याने कंपनीचंच नाक कापायचं!"

मी म्हटलं, "अहो, कशाला उगाच विस्तवाशी खेळ? हाकला त्याला."

"चिंधी आहे ना! चिंधी दिसतेय तोवर कोण मला खोटा पाडणार?"

आणि मग ते जे काही हसले! खरंखुरं, पोट धरून. तेच हसू कॅमेऱ्याने टिपलं. तेच आता चौकात दोन मजली लागलं होतं.

तर मी चौकात उभी. मनात पहिल्यांदा काय आलं असेल? अरे देवा, अख्ख्या बाजाराने माझा गाऊन पाहिला! खरंच, तेच आलं. म्हणून मी चिंधी शोधायला लागले. ह्यांच्या उजव्या खांद्यामागे काठी होती. काठीवर सुतळीची गाठ होती. टोमॅटोचं एकेक पान दिसत होतं, ह्यांच्या शर्टाचं तुटकं बटण दिसत होतं. चिंधी नव्हती. काठी धुतल्यासारखी स्वच्छ.

मी पुन्हा बघितलं. डोळे पुसून बघितलं. जवळ गेले, लांब गेले. भाजीवाली म्हणाली, "काय गं, नवरा इतका आवडला?" पडली असेल, उडाली असेल, असं म्हणायलासुद्धा जागा नव्हती. मी स्वतः त्या दिवशी तिथे उभी होते. चिंधी वाऱ्याने फडफडून ह्यांच्या कानाला लागत होती, आणि हे ती हाताने मागे सारत होते.

मी पिशवी तिथेच टाकून घरी आले. हे पायरीवर बसून पंपाची नळी साफ करत होते. मी सांगितलं. बोर्डाचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं, खाली काय लिहिलंय ते सांगितलं. ह्यांनी एकच विचारलं.

"चिंधी?"

"नाही."

"नीट बघितलंस का?"

"अहो, माझा गाऊन मी ओळखणार नाही?"

ते उठले. चप्पल न घालता निघाले. चौकात पोचल्यावर बोर्डाखाली उभे राहिले आणि वर बघत राहिले. येणारे जाणारे पाठीवर थापा मारत होते. "काय आधीबघू, हिरो झालास की!" दुकानातून पलीकडच्या गावातला एक जण दोन हिरव्या बाटल्या काखोटीला मारून बाहेर पडला आणि म्हणाला, "तुझा फोटो बघितला म्हणून घेतल्या बरं का. नाहीतर आपण कुठे!" ह्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. मी इतक्या वर्षांत ह्यांना कधी असं बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही.

मग एकदम माझा दंड धरला. "तिला फोन लाव. आत्ता लाव."

तिला म्हणजे कुणाला, ते मला विचारावं लागलं नाही. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. "दादा, मी तुलाच लावणार होते," नणंद म्हणाली. मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

आम्ही मिळेल त्या बसने गेलो. तिच्या गावाच्या थांब्यावर उतरलो तर समोर पुन्हा हेच, टोमॅटो घेऊन, दात काढून. ह्यांनी मान खाली घातली.

रोपवाटिकेत पाऊल टाकलं. एरवी तिथे गेलं की ओल्या मातीचा वास यायचा, हिरवी नुसती दुलई पसरलेली असायची. आता ट्रे तसेच ओळीने, आणि त्यात रोपं माना टाकून पडलेली. पानांच्या कडा तपकिरी, शेंडे करपलेले. कोवळी बोटभर रोपं, त्यांना कुठलं सोसतंय? एक रांग नाही, दोन नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वास सुटला होता, गोडूस, घशाला लागणारा. नणंद मधल्या वाटेवर उकिडवी बसून करपलेली रोपं उपटून बादलीत टाकत होती. एकेक. जणू हळूच उपटलं तर त्यांना कमी दुखेल.

मी म्हटलं, "वन्सं, उठा." ती उठली नाही.

हे तिच्यासमोर खाली बसले. "तू मला फोन का नाही केलास?" आवाज चढला होता ह्यांचा. "दर वेळी करतेस! ह्याच वेळी का नाही?"

"करणार होते," ती म्हणाली. "मग गेल्या आठवड्यात थांब्यावर तुझा बोर्ड लागलेला बघितला. एवढा मोठा तूच सांगतोयस, मग फोन कशाला?"

"आणि मी कंपनीचं सांगेन, असं तुला वाटलं? मी?"

तेव्हा तिने वर बघितलं. रडून डोळे सुजले होते, पण आवाज अगदी साधा होता.

"मी आधी चिंधी शोधली, दादा. बस सुटली तरी चालेल म्हणून उभी राहून शोधली. नव्हती. म्हणजे फवारलेली ओळ. म्हणून मारलं."

ह्यांनी बादली आपल्याकडे ओढली आणि तिच्याबरोबर रोपं उपटायला लागले. मी तोंड फिरवून जाळीच्या खांबाला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. शहरात, काचेच्या इमारतीत. आत एवढा गारठा की भाजी ठेवली तर आठवडाभर टिकेल. एक बाई भेटल्या, गोड बोलल्या, पाणी दिलं. साखरतोंड्या त्यांच्यामागे उभा होता आणि जमिनीवरच्या फरश्या मोजल्यासारखा खाली बघत होता. ह्यांनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "पण काका, बोर्डावर कुठे लिहिलंय की हे टोमॅटो आमच्या औषधाचे आहेत? तुम्ही टोमॅटो घेऊन उभे आहात. शेजारी आमची बाटली आहे. बस."

"आणि चिंधी?"

"कुठली चिंधी?"

"माझ्या खांद्यामागची. कुठे गेली?"

बाईंनी मागे बघितलं, पोराने काहीतरी पुटपुटलं. "अच्छा, ते! डिझाइनवाल्यांनी साफ केलं असेल. फोटोत जरा कचरा दिसत होता."

कचरा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "बाई, तो कचरा नव्हता, तो माझा गाऊन होता! आणि तुमच्या अख्ख्या इमारतीत त्या चिंधीइतकं खरं काही नाही!" अजूनही बरंच म्हटलं. त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. बाहेरचा शिपाई आत येऊन उभा राहिला. ह्यांनीच मला हाताला धरून बाहेर काढलं.

जिन्यात साखरतोंड्या मागून पळत आला. धाप लागली होती. "काका," म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं. चिंधी म्हणजे काय ते मी नीट सांगितलं होतं. रिबिनीचं पण सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, म्हणूनच काढा."

मी आयुष्यात पुष्कळ लबाड माणसं बघितली. वजनात मारणारी, दुधात पाणी घालणारी, उसनी पातेली परत न करणारी. पण त्या जिन्यात ऐकलं तसलं कधी ऐकलं नव्हतं. चूक झाली असती, तर शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे कुणीतरी चहा पिता पिता, त्या पोराच्या तोंडून आमच्या घराची गोष्ट ऐकून, बरोबर तेवढाच तुकडा पुसला होता. आणि ती गोष्ट ह्यांनी स्वतः विश्वासाने सांगितलेली. उभ्या जन्मात एकदाच कंपनीच्या माणसावर विश्वास टाकला, तो असा.

त्या आठवड्याच्या बाजाराला ह्यांनी नणंदेच्या करपलेल्या रोपांचा एक ट्रे उचलला आणि चौकात बोर्डाखाली जाऊन उभे राहिले. मी सोबत होते. मला वाटलं होतं, लोक ट्रे बघतील, विचारतील, शिव्या देतील, दुकानावर जातील. झालं भलतंच. पोरंटोरं फोन काढून ह्यांच्याशेजारी उभी राहायला लागली. "काका, वर बघून हसा ना, बोर्डासारखं!" एक जण ट्रे बघून म्हणाला, "हे औषधाआधीचं आणि वरचं नंतरचं, असं आहे होय?" लोकांना वाटलं, कंपनीनेच ह्यांना उभं केलंय!

हे ओरडून सांगत होते, "मारू नका! ह्याने जळलंय हे! ते टोमॅटो कोऱ्या ओळीचे आहेत!" ओरडून ओरडून घसा बसला. ह्या माणसाला कधी ओरडावंच लागलं नव्हतं. बांधावर चिंधी बांधली की काम व्हायचं.

मग आमचा शेजारी पुढे आला. बांधाला बांध लागून असलेला, दर हंगामात आमची चिंधी बघायला येणारा. त्या बाटलीने वळलेले शेंडे त्याने आपल्या डोळ्यांनी बघितले होते. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, हा तरी सांगेल.

त्याने ट्रे बघितला, बोर्ड बघितला, ह्यांना बघितलं. "तेव्हा हसत फोटो काढलास," म्हणाला. "आता रडत ट्रे दाखवतोस. कंपनीशी काही बिनसलं का रे?"

"अरे, तू स्वतः बघितलंस की शेत!"

"बघितलं. पण मग फोटोला कसा उभा राहिलास, ते नाही कळलं मला." आणि जाता जाता, अगदी सहज, टोमणा मारायचा म्हणूनसुद्धा नाही, तो म्हणाला, "आधी बघू."

ह्यांच्या हातातला ट्रे खाली आला.   

नंतर आम्ही नणंदेकडेच राहायला गेलो. करपलेलं सगळं काढलं, ट्रे धुतले, नवी माती भरली, बी टोचलं. बोर्डाची गोष्ट घरात कुणी काढली नाही. नणंदेने ह्यांना एका शब्दाने बोल लावला नाही, ह्यांना वेळच्या वेळी जेवायला वाढलं, चहात साखर कमी घातली, ह्यांना लागते तशी. एकदा मीच म्हटलं, "वन्सं, भांडा की एकदा ह्यांच्याशी. मोकळं वाटेल." ती म्हणाली, "भांडून काय वहिनी, दादाची चूक थोडीच आहे?" तरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पूर्वी ती दिवसातून दहा गोष्टी ह्यांना विचारायची. पाणी किती घालू, जाळी उघडू का. आता विचारत नव्हती. करून टाकायची.

रोपं वर आली. दोन पानं, मग चार. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या खालच्या बाजूला बारीक पांढरी कीड दिसली. ह्यांनीच आधी बघितली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा जीव आला. म्हणाले, "काही बाटली नको. साबणाचं पातळ पाणी मारू. मी घरी वर्षानुवर्षं मारतोय, रोपांना काही होत नाही." स्वतःच बादलीत साबण किसला, हाताने ढवळला, फडक्यातून गाळून पंपात भरला आणि पट्टा खांद्यावर चढवला.

"थांब दादा," नणंद म्हणाली.

ती मधल्या रांगेपाशी गेली. प्लास्टिकचा लांब कागद उलगडला आणि त्या रांगेतले सगळे ट्रे नीट झाकून घेतले. कडा विटांनी दाबल्या. मग माझ्याकडे वळली.

"वहिनी, चिंधी आहे का गं?"

मी ट्रे पुसायला घरून कापड आणलं होतं. जांभळ्या फुलांचं. गाऊनचा उरलेला तुकडा. माझा हात पुढे होईना. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंप पाठीवर घेऊन तसेच उभे होते, तोंड जरा उघडं, कुणी थोबाडीत मारल्यावर माणूस क्षणभर दिसतो तसे. चौकात बोर्ड बघतानासुद्धा असे दिसले नव्हते.

नणंदेने माझ्या हातातून कापड घेतलं, दाताने फाडलं, त्या रांगेच्या तोंडाशी एक काठी खोचली आणि तिला बांधलं. दोन गाठी मारल्या. भावाकडे न बघता म्हणाली, "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, दादा. पण आधी बघू."

मला वाटलं, हे आता पंप टाकून निघून जातील. मी तर गेले असते.

ह्यांनी पट्टा सारखा केला, दांडा मारायला सुरुवात केली, आणि पहिल्या ट्रेपासून सावकाश फवारत निघाले. मधल्या रांगेपाशी आल्यावर दांडा थांबवला. नळीतून थेंब गळू नये म्हणून टोकावर बोट धरलं, आणि ती रांग ओलांडून पुढच्या रांगेला गेले.